रिकव्हरी वाढली आणि सॉल्व्हंट बिघडलं: आयनिक लिक्विड कंटिन्युअस फ्लोमध्ये परत मिळवण्याची एक केस

पार्श्वभूमी

ही एका पायलट लाइनची केस आहे. नाव, जागा, क्षमता सगळं काढून टाकलंय, एकदोन तपशील ओळख पटू नये म्हणून बदललेत, पण आधी काय झालं आणि नंतर काय झालं तो क्रम तसाच आहे. मी यात सेपरेशनचं बघायला बाहेरून गेलेलो, त्यामुळे सुरुवातीचा भाग टीमकडून ऐकलेला आणि लॉगबुकमधून वाचलेला, पुढचा डोळ्यांसमोर झालेला.

काम असं की वापरून झालेल्या पांढऱ्या सुती चादरी घ्यायच्या, फाडून त्यांचा लगदा करायचा, तो आयनिक लिक्विडमध्ये विरघळवायचा, तयार झालेला घट्ट डोप बारीक भोकांच्या स्पिनरेटमधून पाण्याच्या बाथमध्ये सोडायचा, की सेल्युलोज परत घट्ट होऊन धागा बनतो आणि आयनिक लिक्विड पाण्यात राहतं. आयनिक लिक्विड म्हणजे शेवटी मीठच, फक्त १०० अंश सेल्सिअसच्या खाली वितळणारं. १९१४ मध्ये पॉल वाल्डेनने इथाइलअमोनियम नायट्रेट १२ अंशांना वितळतं हे नोंदवलं होतं, पण सेल्युलोजसाठी याचा उपयोग होतो हे नीट पुढे आलं २००२ मध्ये, अलाबामातल्या रॉबिन रॉजर्स यांच्या ग्रुपच्या कामातून. इथे वापरात होतं १-इथाइल-३-मिथाइलइमिडाझोलियम अ‍ॅसिटेट, लॅबमध्ये सगळे नुसतं ईमिम अ‍ॅसिटेट म्हणतात, मीही तेच म्हणतो.

हे सॉल्व्हंट महाग असतं, धाग्याच्या वजनाच्या कितीतरी पट लागतं, म्हणून एकदा वापरून सोडून द्यायचा प्रश्नच नाही. बाथमधून परत येतं ते साधारण १० टक्क्यांचं पाणीदार द्रावण, आणि ते परत वापरायचं तर पाणी काढून १-२ टक्क्यांवर आणावं लागतं, कारण पाणी वाढलं की सेल्युलोज विरघळणं मंदावतं आणि १५ टक्क्यांच्या आसपास जवळपास थांबतंच. साधा हिशोब करा, १० टक्क्यांच्या द्रावणातून १ किलो आयनिक लिक्विड परत घ्यायला ९ किलो पाणी उडवावं लागतं, म्हणजे नुसती वाफेची उष्णताच २० मेगाज्यूल, साडेपाच युनिटच्या वर, आणि त्यात पंप, व्हॅक्यूम, गळती काहीच धरलेलं नाही.

पहिला निर्णय: बॅचमधून फ्लोमध्ये

सुरुवातीला हे सगळं बॅचमध्ये चालायचं, एका जॅकेटवाल्या भांड्यात व्हॅक्यूम लावून तासन्‌तास पाणी उडवायचं. सॉल्व्हंट दर फेरीला आणखी तपकिरी व्हायचं, चहासारखं, आणि त्या रंगावरून सगळ्यांची झोप उडालेली. रंग कुठून येतो ते समजण्यासारखं आहे. टीजीए मशीनमध्ये, म्हणजे तापवत तापवत वजन किती घटतं ते मोजणाऱ्या यंत्रात, भराभर तापवलं तर ईमिम अ‍ॅसिटेट २०० अंशांच्या वरपर्यंत टिकल्यासारखं दिसतं आणि पुरवठादाराच्या कागदावर तोच आकडा असतो, पण बराच वेळ गरम ठेवलं तर त्याच्या खूप खालच्या तापमानालाही ते हळूहळू तुटतं, अ‍ॅसिटेट जाऊन इमिडाझोलियमवरचा, म्हणजे त्याच्या धनभारित रिंगवरचा, मिथाइल किंवा इथाइल ओढून घेतं आणि मागे इथाइलइमिडाझोल, मिथाइलइमिडाझोल राहतात. शिवाय रिंगवरचा सी-२ कार्बन सेल्युलोजच्या टोकाच्या अ‍ॅल्डिहाइडशी जोडला जातो, साखरेचे तुकडे तापून करपतात ते वेगळंच. आणि रंग द्यायला यातलं अगदी नगण्य प्रमाण पुरतं, रंगावरून किती टक्के माल खराब झाला हे सांगताच येत नाही.

अडचण ही की शेवटचं पाणी सोडत नाही. १०० मिलिबारला साधं पाणी ४६ अंशांना उकळतं, पण अ‍ॅसिटेटला धरून बसलेलं शेवटचं ५-१० टक्के पाणी काढायला तोच दाब ठेवून १०० अंशांच्या वर जावं लागतं, द्रावण घट्ट होत गेलं की भांड्यात नीट ढवळलं जात नाही, भिंतीलगतचा थर तापत राहतो. म्हणून निर्णय झाला की कंटिन्युअस करू. पहिल्या टप्प्याला फॉलिंग फिल्म इव्हॅपोरेटर, ज्यात द्रावण गरम नळ्यांवरून पातळ थरात खाली उतरताना पाणी उडतं, द्रावण ७०-८० टक्क्यांपर्यंत गेलं की पुढे वाइप्ड फिल्म, ज्यात फिरती पाती गरम भिंतीवर पातळ थर पसरवत राहतात आणि माल तासांऐवजी जेमतेम मिनिटभर गरम राहतो.

हा निर्णय चुकीचा नव्हता, मला आजही तो बरोबरच वाटतो. रंग खरंच सुधारला, गडद तपकिरीचा फिका पिवळा झाला. भांडी रिकामी करणं, धुणं, नमुने सांडणं हे बंद झालं, धागा धुवायचं पाणीही उलट्या दिशेने फिरवून परत बाथमध्ये घेतलं, त्यामुळे फेरीमागची रिकव्हरी ९५ टक्क्यांच्या आसपास होती ती ९९ च्या जवळ गेली. ऐकायला चार टक्क्यांचा फरक, पण ९५ ने चाललात तर तेरा-चौदा फेऱ्यांत मूळ माल निम्मा संपतो, ९९ ने चाललात तर जवळपास सत्तर फेऱ्या लागतात. रिव्ह्यू मीटिंगमध्ये सगळे खूश होते.

अडचण

मग काही आठवड्यांनी स्पिनरेटच्या आधीच्या फिल्टरवर दाब चढायला लागला. आधी कधीतरी, मग जवळजवळ प्रत्येक रनला. त्याच सुमारास डोप बनायलाही वेळ लागायला लागला, एखाद्या दिवशी नीट विरघळायचं, एखाद्या दिवशी न विरघळलेले तंतू मायक्रोस्कोपखाली दिसायचे, आणि धागा ओढताना तुटायचा. विचित्र गोष्ट म्हणजे सॉल्व्हंट आधीपेक्षा जास्त स्वच्छ दिसत होतं. बॅचमधल्या त्या गडद मालाने व्यवस्थित धागा दिलेला आणि हा सुंदर फिका माल फिल्टर चोक करत होता.

इथून दोन वाटा चुकल्या आणि दोन्ही सांगण्यासारख्या आहेत कारण दोन्ही ठिकाणी डेटा होता, फक्त तो भलतंच सांगत होता.

पहिली, एनएमआर, म्हणजे रेणूतल्या अणूंच्या सिग्नलवरून त्याची रचना ओळखायची पद्धत. अ‍ॅनालिटिकलने रिसायकल केलेल्या मालाचा प्रोटॉन एनएमआर काढला, हेवी वॉटरमध्ये, म्हणजे साध्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असलेल्या पाण्यात, कारण नमुना पाण्यात सहज मिसळतो. सी-२ वरच्या प्रोटॉनचा सिग्नल जेवढा यायला हवा त्याच्यापेक्षा बराच कमी आला, आणि निष्कर्ष निघाला की रिंगच मोडतेय. मोठी घबराट झाली. पण सी-२ चा प्रोटॉन थोडासा आम्लधर्मी असतो, अ‍ॅसिटेट बेस आहे, हेवी वॉटरमध्ये ठेवलं की तो प्रोटॉन ड्युटेरियमशी अदलाबदल करतो आणि सिग्नल गायब होत जातो, माल खराब असो वा नवा कोरा. नव्या बाटलीतल्या मालाचा तसाच एनएमआर काढला असता तर लगेच कळलं असतं. तो काढायला सुचला बऱ्याच उशिरा, आणि नंतर डीएमएसओ या दुसऱ्या सॉल्व्हंटमध्ये काढल्यावर विघटनाचे सिग्नल होते पण अगदी किरकोळ.

दुसरी वाट, कार्बन कॉलम. एव्हाना डिग्रेडेशनचीच थिअरी घट्ट बसलेली, त्यामुळे पाणीदार फीडवर अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनचा एक कॉलम लावला. माल आणखी पांढरा झाला, म्हणजे पाण्यासारखा, आणि फिल्टर आणखी लवकर चोक व्हायला लागला. आता गंमत अशी की अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बनमध्ये स्वतःची राख असते, ती आम्लाने धुतलेली नसली तर कॅल्शियम, सिलिका वगैरे सोडत राहते. शोषकांनी आयनिक लिक्विड स्वच्छ करताना त्यात शोषकाचेच कण मिसळतात, अ‍ॅल्युमिना आणि सिलिकाबाबत तर हे छापून आलेलं आहे, पण रंग जातोय म्हटल्यावर तिकडे कोण बघतो. त्यात कार्बन इमिडाझोलियमही थोडं धरून ठेवतो, म्हणजे रंगासाठी आपण सॉल्व्हंटच देऊन टाकतो.

खरं कारण कसं सापडलं

सापडलं ते एका अगदी कंटाळवाण्या टेस्टमध्ये. चोक झालेला फिल्टर धुवून, जाळून उरलेली राख बघितली. सेल्युलोजचा गोळा असता तर जळून जवळपास काही उरलं नसतं. इथे पांढरी राख भरपूर उरली, तिची आयसीपी, म्हणजे कोणती मूलद्रव्यं किती आहेत ते बघायची टेस्ट, केली तर कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिकॉन, सोडियम. म्हणजे चोक करणारी वस्तू सॉल्व्हंटचं विघटन नव्हतंच, साधा क्षार होता.

तो येत होता चादरींमधून. वर्षानुवर्षं कडक पाण्यात डिटर्जंट घालून धुतलेलं कापड आहे ते, त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे थर असतात, डिटर्जंटमधले सिलिकेट आणि झिओलाइट असतात. बाथला घालायचं मेकअपचं, म्हणजे कमी पडलेलं भरून काढायचं, पाणीही नुसतं सॉफ्टनरमधून आलेलं, म्हणजे कॅल्शियमच्या जागी सोडियम घालून दिलेलं.

मग बॅचमध्ये हे का नाही झालं? कारण बॅचमध्ये दर फेरीला ५ टक्के माल सांडत होता, धाग्याबरोबर जात होता, धुण्याच्या पाण्यातून नाल्याला लागत होता, आणि जाताना आपल्या वाट्याचा क्षार घेऊन जात होता. त्या जागी नवा माल पडायचा. ते नुकसान म्हणून लिहिलं जात होतं, पण प्रत्यक्षात तोच लूपचा पर्ज होता, म्हणजे साठणारी घाण बाहेर जायची वाट. समजा दर फेरीला १ ग्रॅम कॅल्शियम आत येतंय आणि लूपमधला ५ टक्के माल बाहेर जातोय, तर शेवटी लूपमध्ये २० ग्रॅम कॅल्शियमवर आकडा स्थिरावतो. बाहेर जाणं १ टक्क्यावर आणलं की तोच आकडा १०० ग्रॅम होतो. काहीही नवीन घाण न येता, नुसती रिकव्हरी सुधारली म्हणून पाचपट. इव्हॅपोरेटर पाणी काढतो, जे उडत नाही ते सगळं इमानदारीत परत देतो, आणि आयनिक लिक्विडचं कौतुक ज्यासाठी करतात, की ते उडत नाही, त्याच गुणामुळे ते आणि क्षार दोघं एकाच बाजूला राहतात. डिस्टिल करून वेगळं करायची सोय नाही. काही आयनिक लिक्विड्स खूप कमी दाबाखाली डिस्टिल होतात हे २००६ मध्ये दाखवलं गेलंय, पण ते या कामाला आणि या प्रमाणात उपयोगाचं नाही.

विरघळायला लागणाऱ्या वेळाचं कोडं वेगळं होतं आणि ते पाण्यात निघालं. वाइप्ड फिल्मनंतर पाणी किती राहिलं ते इनलाइन कंडक्टिव्हिटीवरून ठरवत होते, आणि क्षार वाढला की कंडक्टिव्हिटी आणि पाण्याचं नातंच बदलतं. कंट्रोलर आपल्या परीने बरोबर चालत होता आणि माल प्रत्यक्षात कधी ओला कधी कोरडा निघत होता. कार्ल फिशरने, म्हणजे पाणी मोजायच्या टायट्रेशनने, तपासत होते, पण ईमिम अ‍ॅसिटेट बेसिक आहे, त्या रिएजंटचा पीएच वर गेला की साइड रिअ‍ॅक्शन होऊन आकडा भरकटतो, त्यात बेन्झोइक अ‍ॅसिड किंवा बफर घालावा लागतो, तो कोणी घालत नव्हतं. दोन मीटर चुकीचे आणि दोघांचे आकडे कधीकधी जुळायचे, म्हणून कोणाला शंका आली नाही.

कोणते पर्याय होते

टेबलावर पाच गोष्टी आल्या, सगळ्यांवर सारखा वेळ गेला नाही आणि जायलाही नको होता.

माल बदलायचा, म्हणजे डिस्टिल होऊ शकणारं, सुपरबेस (अतिशय तीव्र बेस) आणि अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचं सॉल्व्हंट घ्यायचं. फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठातली आयोनसेल प्रक्रिया याच जातीच्या सॉल्व्हंटवर उभी आहे. पण तिथेही डीबीएन नावाचा बेस पाण्याने तुटतो, म्हणजे एक डोकेदुखी देऊन दुसरी घ्यायची. चालू पायलटच्या मध्यात ते शक्यच नव्हतं, दहा मिनिटांत विषय संपला.

मुद्दाम पर्ज ठेवायचा, ५ टक्के माल दर फेरीला काढून टाकायचा. खात्रीचा उपाय, पैशांनी मारणारा. तरी हा पर्याय शेवटपर्यंत टेबलावर ठेवला ते बरं केलं, कारण बाकी सगळ्यांची तुलना याच्याशीच करायची असते, तुमची शुद्धीकरणाची यंत्रणा फेकून देण्यापेक्षा स्वस्त पडत नसेल तर ती कितीही छान असो, तिचा उपयोग नाही.

इलेक्ट्रोडायलिसिस. यावर सर्वात जास्त वाद झाला. विजेचं फील्ड लावून आयन मेम्ब्रेनमधून पलीकडे न्यायचे, साखर आणि रंगाचे न्यूट्रल रेणू मागे राहतात, आयनिक लिक्विड पलीकडे स्वच्छ मिळतं. प्रेझेंटेशनमध्ये फार छान दिसतं आणि ज्यांच्या फीडमध्ये मुख्य त्रास साखरेचा किंवा लिग्निनच्या तुकड्यांचा आहे त्यांच्यासाठी ते खरंच चांगलं आहे. पण आपल्याकडे त्रास सोडियम-कॅल्शियमचा, आणि ते इमिडाझोलियमपेक्षा लहान, चपळ आयन, ते तर आधी पलीकडे पोचणार. म्हणजे ज्याच्यापासून सुटका हवी तेच बरोबर घेऊन जाणारं मशीन. जुन्या डिग्रेडेशन थिअरीवर राहिलो असतो तर हेच विकत घेतलं गेलं असतं, कोटेशन आलेलं होतं.

नॅनोफिल्ट्रेशन, म्हणजे अतिबारीक भोकांच्या मेम्ब्रेनमधून गाळणं. ईमिम कॅटायनचं मॉलिक्युलर वजन १११, ते योग्य मेम्ब्रेनमधून जातं, साखरेच्या लांब साखळ्या, रंगाचे मोठे रेणू आणि सल्फेटसारखे दुहेरी चार्जचे आयन बरेचसे अडतात. पण हे पातळ द्रावणातच, घट्ट झालं की व्हिस्कॉसिटी आणि ऑस्मॉटिक दाब दोन्ही आडवे येतात.

आणि आयन एक्सचेंज, म्हणजे रेझिनच्या दाण्यांनी द्रावणातले नको ते आयन धरून त्या जागी दुसरे सोडायचे. इथे बारकावा आहे. साधं स्ट्राँग कॅटायन रेझिन कॅल्शियम आवडीने धरतं, पण ते पातळ पाण्यात. १० टक्के ईमिम अ‍ॅसिटेट म्हणजे जवळपास ०.६ मोलर, एवढ्या गर्दीत दुहेरी चार्जच्या आयनला मिळणारं झुकतं माप कमी होतं आणि रेझिन इमिडाझोलियमनेच भरून जातं. त्यामुळे कीलेटिंग रेझिन हवं, इमिनोडायअ‍ॅसिटेट गटाचं, जे कॅल्शियम-मॅग्नेशियमला खेकड्यासारखं पकडतं. सोडियमला मात्र तेही सोडून देतं. सोडियमवर रेझिनचं उत्तर या फीडमध्ये नाहीच, ते येऊच द्यायचं नाही एवढंच हातात.

काय केलं

पहिलं काम सॉल्व्हंटच्या लूपबाहेर झालं. लगद्याला सौम्य आम्लाचा वॉश आणि मग डीमिनरलाइज्ड पाण्याने धुणं. यावर विरोध झाला, कारण एक नवीन टाकी, नवीन सांडपाणी, आणि आम्ल जास्त झालं तर सेल्युलोजची साखळी तुटते. पण लगद्याच्या डीपीवर, म्हणजे सेल्युलोजच्या साखळीच्या लांबीवर, नजर ठेवून पीएच आणि वेळ बांधून घेतली आणि कापडातून येणारं कॅल्शियम तिथेच बहुतेक संपलं. मेकअपचं पाणीही डीमिनरलाइज्ड केलं, त्याने सोडियमचा मोठा स्रोत बंद झाला. कार्बन कॉलम काढून टाकला.

मग लूपमधला क्रम असा लागला: बाथमधून येणारं द्रावण आधी कार्ट्रिज फिल्टरमधून, कारण बारीक तंतू मेम्ब्रेनवर बसले की संपलं. मग नॅनोफिल्ट्रेशन. मग कीलेटिंग रेझिनचे दोन कॉलम एकापाठोपाठ, पहिला भरला की दुसरा पुढे येतो आणि पहिला आम्लाने धुवून, परत अ‍ॅसिटेटच्या द्रावणाने न्यूट्रल करून मागे लागतो. हे न्यूट्रल करणं सोडियम हायड्रॉक्साइडने करायचा मोह प्रत्येक ऑपरेटरला होतो कारण रेझिनच्या माहितीपत्रकात तसंच लिहिलेलं असतं, पण मग रेझिन सोडियम फॉर्ममध्ये जातं आणि धरलेल्या प्रत्येक कॅल्शियममागे दोन सोडियम लूपमध्ये सोडतं. एका मोठ्या डोकेदुखीच्या जागी तुम्ही स्वतः दुसरी पेरता. इथे जुन्या रिसायकल मालाचंच पातळ द्रावण वापरलं.

त्यानंतर आरओ, म्हणजे दाब देऊन मेम्ब्रेनमधून पाणी पलीकडे काढणं. इथे ऑस्मॉटिक दाबाचा हिशोब आधीच करून ठेवावा. १० टक्क्यांना आदर्श धरलं तरी साधारण २९ बार, १८ टक्क्यांना ५० च्या पुढे. म्हणजे नेहमीच्या हाय प्रेशर मेम्ब्रेनने १८-२० टक्क्यांच्या पुढे जायची अपेक्षाच करू नये. पण १८ पर्यंत गेलं तरी १ किलो सॉल्व्हंटमागे उडवायचं पाणी ९ किलोवरून साधारण साडेचार किलोवर येतं, इव्हॅपोरेटरचं काम निम्मं. परमिएट, म्हणजे मेम्ब्रेनमधून पार झालेलं पाणी, थेट बाथला परत.

पुढे तेच आधीचे फॉलिंग फिल्म आणि वाइप्ड फिल्म. बदल फक्त मोजण्यात. कंडक्टिव्हिटी नुसती अलार्मसाठी ठेवली, पाण्याचं माप इनलाइन निअर इन्फ्रारेडवर घेतलं, पाण्याचे पट्टे १४५० आणि १९४० नॅनोमीटरच्या आसपास येतात आणि क्षारामुळे ते कंडक्टिव्हिटीसारखे फसत नाहीत. जोडीला रिफ्रॅक्टोमीटर, कारण पाण्याचा रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स १.३३ आणि ईमिम अ‍ॅसिटेटचा दीडच्या आसपास, एवढं अंतर असल्यावर पाणीदार टप्प्यात तो फार विश्वासू चालतो. कार्ल फिशरला बफर.

आणि एक बाजूची लूप. फिरणाऱ्या मालातला थोडा भाग, एखाद टक्का, सतत वेगळा काढून साठवायचा आणि त्याची राख, सोडियम, अ‍ॅसिटेट-इमिडाझोलियम गुणोत्तर तपासायचं. फेकायचा नाही, पण परतही द्यायचा नाही जोपर्यंत आकडे बघितले नाहीत. गुणोत्तराचा मुद्दा यातूनच वर आला: व्हॅक्यूमखाली पाण्याबरोबर अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडही थोडं निसटतं, कंडेन्सेट टायट्रेट केलं तर दिसतं, आणि मागे उरलेला माल हळूहळू जास्त बेसिक होतो. तेवढं अ‍ॅसिड मोजून परत डोस करायला लागले.

निकाल

फिल्टरवरचा दाब खाली आला आणि खाली राहिला. डोपचा वेळ स्थिर झाला, आणि हे बहुतेक पाण्याच्या मोजमापामुळे, क्षारामुळे कमी, असं माझं मत आहे, कारण निअर इन्फ्रारेड लावल्यावर फरक लगेच दिसला, रेझिन तेव्हा अजून कार्यान्वित व्हायचं होतं. रिकव्हरी ९९ च्या किंचित खाली गेली, बाजूच्या लूपमुळे, आणि मॅनेजमेंटला ते पटवायला वेळ लागला कारण त्यांच्या डॅशबोर्डवर एकच आकडा होता आणि तो लाल झालेला.

रंग? पिवळसर तपकिरी झाला परत, कार्बन नसल्यामुळे. धाग्याला त्याने काही फरक पडला नाही, धुतल्यावर रंग निघून जातो.

सगळं सुटलं असं मात्र नाही. नॅनोफिल्ट्रेशनच्या रिजेक्टमध्ये, म्हणजे मेम्ब्रेनने अडवलेल्या भागात, साखरेबरोबर सॉल्व्हंटही जातं, ते धुवून परत घ्यायला पाणी लागतं, आणि ते पाणी परत उडवावं लागतं, हे चक्र अजून नीट बसलेलं नाही. परमिएटच्या टाकीत बुळबुळीत थर धरायला लागला, अ‍ॅसिटेट आणि साखर असलेलं कोमट पाणी म्हणजे जंतूंना मेजवानीच, आणि इमिडाझोलियमच्या छोट्या साखळीचा जंतूंवर फारसा धाक नसतो. न्यूट्रल मिथाइलइमिडाझोल आरओमधून काही प्रमाणात पलीकडे जातं आणि पाण्याबरोबर बाथमध्ये परत येतं, ते किती साठेल हे अजून बघणं चालू आहे.

वेगळं काय करता आलं असतं

इव्हॅपोरेटर मागवायच्या आधी न उडणाऱ्या पदार्थांचा हिशोब मांडायला हवा होता. किती येतं, कुठून येतं, कुठून बाहेर जातं, एवढ्या तीन ओळी. त्या मांडल्या असत्या तर बॅचमधलं नुकसानच आपला पर्ज आहे हे कागदावरच दिसलं असतं आणि आम्लाचा वॉश पहिल्या दिवसापासून असता. हे माझं एकट्याचं मत नाही, पण टीममधले दोघंतिघं अजूनही म्हणतात की इव्हॅपोरेटर चालल्याशिवाय हे लक्षात येणं शक्य नव्हतं. मला ते पटत नाही, राखेची टेस्ट पहिल्या महिन्यातही करता आली असती.

प्रत्येक अ‍ॅनालिसिसला नव्या मालाचा नमुना बरोबर लावायचा, नेहमी, न विचारता. एनएमआरचा सगळा गोंधळ एवढ्याने टळला असता.

वाइप्ड फिल्म घेताना मोठा घेतला गेला, कारण तेव्हा आरओ डिझाइनमध्ये नव्हता. आता तो निम्म्या क्षमतेवर चालतो, फीड कमी असल्यामुळे भिंतीवरचा थर कधीकधी तुटतो, कोरडे पट्टे पडतात आणि नेमका तिथेच माल करपतो. पात्यांचा वेग आणि फीड पुन्हा जुळवून बघताहेत, नाही जमलं तर कंडेन्सेटचा थोडा भाग फीडमध्ये परत मिसळून थर ओला ठेवायचा, म्हणजे उडवलेलं पाणी पुन्हा उडवायचं. ऊर्जेचा हिशोब करणाऱ्याला हे अजून कोणी सांगितलेलं नाही.